भोंगा आणि मागचं दार

"मिशा काढते मी, मिशा! हसताय काय? खरंच सांगते. शर्टाच्या मिशा. शिवून झाला की शर्टाला जिथं-तिथं दोरे लोंबतात, बघितलेत कधी? कॉलरला, खिशाला, काजाला. दुकानात जायच्या आधी त्याची दाढी-मिशी कुणीतरी करायला नको? ती मी करते. शर्टांची न्हावीण म्हणा मला."

एवढं बोलून ती हसली आणि तिच्या पाठीमागची खिडकीची काच थरथरली. थट्टा करत नाही. काच बसवायला लावलेली लांबी निघालेली आहे हे खरं, पण तिच्या हसण्यानंच ती निघाली असं सगळा कारखाना सांगतो.

बाई म्हणाल तर मूठभर. स्टुलावर बसली की पाय जमिनीला टेकत नाहीत. बोटात अडकवलेली छोटी कातर, मांडीवर शर्ट, आणि केसांपासून टाचेपर्यंत रंगीबेरंगी दोरे चिकटलेले. तिला कारखान्यात भोंगा म्हणतात. समोर "मावशी", पाठीमागं "भोंगा", आणि रागावले की समोरही "भोंगा".

"आवाज माहेरचा आहे," ती म्हणाली. "वडिलांची पिठाची गिरणी. चक्की चालू असली की बाजूला उभ्या माणसाला बोललेलं कळायचं नाही. मी आपली उंबऱ्यावर बसून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची, 'तुमचं दळण झालंऽऽ!' लग्न ठरलं तेव्हा सासू म्हणाली, मुलगी चांगली आहे पण बोलते की दवंडी पिटते? पुढं मागावर काम करून-करून तिच्या पोराचे कान गेले. तेव्हा म्हणाली, बरं झालं बाई हीच आणली. दुसरी कुणी असती तर घरात नुसते हातवारे चालले असते."

जेवणाची सुट्टी होती. मशिनी थांबल्या होत्या, आणि ती ज्या दाराकडं तोंड करून बसली होती त्या दारातून वारा येत होता. ते दार आता तिथं आहे तसं कसं झालं, ते सांगायचं म्हणजे ही बाई सांगावी लागते. तिच्याशिवाय त्या दाराला गोष्ट नाही.

इमारत दुमजली. खाली गोदाम, वर शिलाईचा कारखाना. वर यायला पुढून एक अरुंद जिना. मागच्या भिंतीला एक लोखंडी दार, त्याच्याबाहेर लोखंडी जिना, तो खाली अंगणात उतरतो. हे मागचं दार जीव वाचवायला ठेवलेलं. पण कधीतरी कुणीतरी त्या दारातून शर्ट पळवले, आणि तेव्हापासून त्याला कुलूप लागलं. किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात, शर्टाच्या आत. त्यामुळं त्याचं नाव पडलं किल्लीसाहेब. अंघोळीलासुद्धा काढत नाही म्हणत. बायकोनं एकदा विचारलं म्हणे, मला घातलेलं मंगळसूत्र मोडलंत आणि तुम्ही हे काय घालून फिरता?

आता पाहुणे. शर्टाच्या कॉलरला ज्या बाहेरच्या मोठ्या कंपनीचं नाव लागतं, तिची माणसं अधूनमधून तपासायला यायची. कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेलं होतं, की आमचा शर्ट शिवताना कुणाचे हाल होत नाहीत. ते खरं की खोटं बघायला हे पाहुणे. आणि पाहुणे आले की आपण काय करतो? फाटकी गोधडी कपाटात, धुतलेली चादर गादीवर. कारखान्यानंही तेच केलं.

आधी पाहुणे आल्याची खबर द्यायला घंटा होती. पण एका पाहुण्यानं विचारलं, ही घंटा कशाची? तेव्हा मालकाला वाटलं, माणसाचा आवाज बरा. बाई ओरडली "पाहुणे आले" तर बाहेरच्याला काय कळणार? कुणाच्या घरी आले असतील पाहुणे. भोंग्याला पुढच्या जिन्याजवळ, खिडकीपाशी बसवलं. खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकात गाडी थांबली की तिनं मान वर करायची आणि छातीभर ओरडायचं, "पाहुणे आलेऽऽ!"

मग जे व्हायचं ते बघण्यासारखं असायचं. वाटेत रचलेले कापडाचे गठ्ठे क्षणात टेबलांखाली. मालकाच्या खोलीतलं आग विझवायचं लाल नळकांडं खिळ्यावर. तोंडाला फडकी. किल्लीसाहेब मागच्या दाराकडं, कुलूप खिशात, दार सताड उघडं. आणि ज्यांची नावं हजेरीवर नव्हती ते सगळे त्या दारातून खाली. हजेरीवर नाव आलं की दुखण्याखुपण्याचा, अपघाताचा खर्च मालकाच्या माथ्यावर येतो, म्हणून अर्धी माणसं बिनहजेरीचीच होती. लोखंडी जिना पावलांनी वाजतो, म्हणून चपला हातात घ्यायच्या. एका रांगेत, कठडा धरून, तोंडातून अवाक्षर नाही. पाहुणे पुढच्या जिन्यानं वर येईपर्यंत मागच्या जिन्यानं अर्धा कारखाना खाली. पाहुणे गेले की सगळं उलट. गठ्ठे वाटेत, नळकांडं खोलीत, कुलूप दाराला.

"पाप होतं का?" मी विचारलं.

"पाप-पुण्य नंतर," ती म्हणाली. "मला खिडकीचा वारा मिळायचा. उन्हाळ्यात आत बसून बघा, मग विचारा."

तर एकदा असं झालं, की एका मशिनीची मोटर जळाली. वास सुटला, ठिणगी उडाली, आणि कुणीतरी किंचाळलं, "आग!" झालं. सगळी माणसं एकाच वेळी पुढच्या जिन्याकडं पळाली. पायांना रोजची वाट तीच ठाऊक. मागच्या दाराची आठवण कुणालाच झाली नाही, आणि ज्याच्या गळ्यात किल्ली तो सगळ्यांच्या पुढं. जिन्यात माणसावर माणूस पडलं. काजं करणारी बाई, तिला सगळे काजवालीच म्हणतात, तिचा हात त्या दिवशी मोडला. मोटर तेवढ्यात आपोआप गार झाली होती. आगीनं कुणाला शिवलं नाही, माणसांनीच माणसं तुडवली.

भोंग्यानं ते स्टुलावरून बघितलं होतं. तिनं त्यावर काही विचार केला असं ती म्हणत नाही. "विचार कुठला करते मी? डोक्यात राहिलं एवढंच."

आणि मग खरी आग आली.

दुपारची वेळ, मालक बाहेर गेलेला. पुढच्या जिन्याखाली कापडाच्या चिंध्यांचा ढीग असायचा, त्यानं पेट घेतला. कशानं, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. वर सगळ्या मशिनी धाडधाड चालू. भोंग्याला आधी वास आला, ओल्या फडक्यावर इस्त्री विसरावी तसा. तिनं जिन्यात डोकावलं. काळा धूर, भाडं मागायला घरमालक यावा तसा, एकेक पायरी चढत वर येत होता.

इथं मी तिला थांबवलं. म्हटलं, मावशी, त्या घडीला काय वाटलं?

"काय वाटणार? तोंड उघडलं. जिभेवर 'आग' हाच शब्द होता. पण समोर काजवाली बसलेली, आणि तिचा तो वाकडा जुळलेला हात दिसला मला. म्हटलं, हा शब्द नको. ह्या शब्दानं सगळे इकडंच येतील."

तिनं जिन्याचं दार ओढून घेतलं, फटीत एक गठ्ठा सारला, वळली, आणि ओरडली:

"पाहुणे आलेऽऽ!"

मशिनी थांबल्या. गठ्ठे टेबलांखाली गेले, वाट मोकळी झाली. तोंडांवर फडकी चढली. किल्लीसाहेबाचा हात गळ्यात गेला, कुलूप निघालं, दार सताड उघडलं. बिनहजेरीचे चपला हातात घेऊन रांगेत लागले.

किल्लीसाहेब तिच्याकडं धावत आला. "किती जण आहेत गं?"

"खूप आहेत. आणि मालकाचा निरोप आहे, आज सगळेच बिनहजेरीचे. सगळ्यांना खाली उतरवा."

"सगळ्यांना? मग पाहुण्यांना दाखवायचं काय?"

"ते मालकाला विचारा! मी भोंगा आहे, मालक नाही."

त्यानं कपाळाला हात लावला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. "आवाज नको. एकेकानं. कठडा धरा. ए, धक्के मारू नको, पाहुणे ऐकतील." आख्खा कारखाना अनवाणी, गुपचूप, एका रांगेत त्या लोखंडी जिन्यावरून खाली उतरला. धक्का नाही, किंकाळी नाही. म्हातारी माणसं, दोन पोटुशा बाया, इस्त्रीवाले, सगळे. जगाला फसवायला शिकवलेली ती कवायत त्या दिवशी इतकी चोख झाली, की ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ज्यांना वाचवायचं होतं त्यांना कळलंसुद्धा नाही की ते वाचतायत.

सगळ्यात शेवटी किल्लीसाहेब, आणि त्याच्या मागं भोंगा. अंगणात आल्यावर काजवालीनं चपला पायात घालता-घालता विचारलं, "मावशे, कुठायत गं पाहुणे?"

भोंग्यानं वर बोट केलं. खिडक्यांतून काळ्या धुराचे लोट निघत होते.

"ते काय, वर बसलेत. विड्या ओढतायत."

काजवालीनं वर बघितलं आणि देवाचं नाव घेतलं. बाकीच्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग कुणी रडायला लागलं, कुणी तिच्या पाया पडायला धावलं. ती म्हणाली, पाया कसल्या पडता, माझी कातर वर राहिली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणूस आगीतून निघाला म्हणून फुफाट्यातून सुटत नाही.

भिंतींना रंग दिला. जळक्या मशिनी बदलल्या. मालकानं कंपनीला कळवलं, की आमच्याकडं सगळ्या सोयी आहेत, नेहमी सराव होतो, म्हणून एकालाही इजा झाली नाही. कंपनीनं त्याला शाबासकी दिली. आणि आगीच्या गडबडीत काही शर्ट गेले म्हणून मालकानं मागच्या दाराला नवं कुलूप लावलं. पहिल्यापेक्षा दणकट.

भोंगा मालकाच्या खोलीत गेली. दार न लोटताच बोलली असती तरी चाललं असतं, आवाज पोचला असता. पण लोटलं.

"मालक, आता तरी कुलूप नको."

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ झाका, दार कशाला झाकता?"

मालक वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. "कंपनीला कळलं ना, तर कंपनी काही दार दुरुस्त करायला यायची नाही. ऑर्डर उचलेल आणि दुसऱ्या गावी जाईल. मग दार उघडं ठेवा नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा, आत माणूसच नसेल."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. शेजारचा एक कारखाना असाच बंद पडला होता. काजवालीही म्हणाली, "मावशे, तू गप्प बस. भूक लागली तर दार खाता येत नाही."

संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. म्हणजे गल्लीला सांगितलं, त्यातलं थोडं नवऱ्याला गेलं. तो म्हणाला, "माझे कान गेले तेव्हा बघायला कुणीच आलं नाही. आलं असतं तर मालकानं तेवढ्यापुरते माग बंद करून दाखवले असते. म्हणाला असता, बघा, किती शांतता आहे."

तिला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं म्हणे. बहिऱ्याचं बोलणं, पण कानातून जाईना.

पुढं कंपनीची एक बाई आली. ही आपल्याच भाषेत बोलणारी होती, चष्मा लावलेली, पायात सपाट बूट. आगीतून सगळे कसे वाचले हे तिला बघायचं होतं. भोंगा वाजला, गठ्ठे गेले, दार उघडलं, बिनहजेरीचे खाली. बाई फिरली, एकेकाजवळ बसली. सगळ्यांनी पढवलेलं सांगितलं. भोंग्याजवळ आली आणि विचारलं, "मागचं दार नेहमी उघडं असतं?"

"असतं," भोंगा म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचा आवाज इतका बारीक निघाला, की बाईला पुन्हा विचारावं लागलं.

बाई खाली उतरली. गाडी गेली. कुलूप लागलं, गठ्ठे वाटेत आले, माणसं जागेवर आली. भोंग्यानं पुढचा शर्ट उचलला, तर त्याच्यावर चष्मा.

तो चष्मा बाई विसरली की ठेवून गेली, हे तिचं तिला माहीत. भोंग्यानं खिडकीतून बघितलं. गाडी दिसत नव्हती, पण बाई पायी परत येत होती. फाटकातून आत आली. चालण्यात घाई नव्हती.

भोंग्यानं मान वर केली. छातीत हवा भरली. समोर सगळा कारखाना खाली मान घालून शिवत होता. मागच्या दारावर नवं कुलूप चकाकत होतं. एक हाक, आणि सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. सगळ्यांचं काम टिकलं असतं. आणि एखाद्या दिवशी खिडकीशी भोंगा नसती, दुसरंच कुणी असतं, आणि ते "आग" म्हणून ओरडलं असतं.

तिनं तोंड मिटलं.

मला ती आरोळी मोठी वाटते, पण हे गप्प बसणं त्याहून मोठं वाटतं. आरोळी तिच्या अंगातलीच होती. गप्प बसणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी ती सगळ्यांची भाकर पणाला लावून गप्प बसली. घाम असा फुटला, की मांडीवरचा शर्ट परत धुवायला द्यावा लागला.

बाई वर आली. वाटेतल्या गठ्ठ्यांना वळसे घालत पुढं गेली, कुलपापाशी उभी राहिली, त्याला हात लावून बघितला. एकेक मशीन थांबत गेली. मघाशी न दिसलेली माणसं शिवत बसलेली तिला दिसत होती.

किल्लीसाहेबाचा तोल गेला. बाई उभी आहे हे विसरून तो खेकसला, "भोंगे! ओरडली का नाहीस?"

बाई सावकाश वळली. "काय ओरडायचं असतं?"

किल्लीसाहेबानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता.

भोंगा स्टुलावरून उतरली. "पाहुणे आले, असं ओरडायचं असतं. आगीच्या दिवशीही तेच ओरडले, म्हणून वाचले सगळे." आणि तिनं सगळं सांगितलं, कुलपापासून चपलांपर्यंत. सांगून झाल्यावर चष्मा पुढं केला, पण सोडला नाही.

"बाई, एक ऐका. आता रागावून ऑर्डर उचलू नका. पाहुणा येतो, पंगतीतलं वाढप बघतो, नावं ठेवतो आणि जातो. खरकटं आमच्याकडंच राहतं. तुम्ही शर्टाची घाई करता, म्हणून गठ्ठे वाटेत येतात. कमी भावात मागता, म्हणून माणसं बिनहजेरीची राहतात. दाराला कुलूप मालकानं लावलं, खरं आहे. पण त्या कुलपाला तुमचाही हात लागलाय. पाहुणे म्हणून येऊ नका. घरचे म्हणून या. घरच्यांपुढं कुणी चादर बदलत नाही."

बाईनं एका गठ्ठ्यावर बूड टेकलं. गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ऑर्डर उचलणं आमच्याकडं सगळ्यात सोपं असतं, मावशी. ते होऊ नये म्हणून मला भांडावं लागेल."

"मग भांडा. आवाज कमी पडला तर मला बोलवा."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मालक तिच्याशी बोलेना. काजवाली डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसायची. ऑर्डर जाणार, अशी आवई रोज उठायची. ती मिशा काढत राहिली, पण गप्प. काच थरथरेनाशी झाली.

कंपनी गेली नाही. बाई भांडली म्हणा, नाहीतर आगीची बातमी पसरायची भीती म्हणा. माल द्यायची मुदत वाढवून मिळाली. बिनहजेरीच्यांतल्या बऱ्याच जणांची नावं हजेरीवर चढली, सगळ्यांची नाही. त्यावर अजून भांडण चालू आहे आणि भोंगा त्यात आहे. चिंध्या आता बाहेरच्या शेडमध्ये जातात. आणि मागचं दार बदललं. नव्या दाराला कोयंडाच नाही. आतून आडवी दांडी आहे, ती नुसती ढकलली की दार बाहेर उघडतं. किल्लीसाहेबाचा गळा मोकळा झाला. आता त्याच्या गळ्यात बायकोनं शिट्टी अडकवली आहे.

कंपनीनं धोक्याची घंटाही बसवून दिली. पहिल्या सरावाला ती इतकी जोरात वाजली, की सगळे कान झाकून जागेवरच बसले. शेवटी मालक स्वतः खिडकीपाशी आला, तिच्याशी कित्येक दिवसांनी बोलला, "मावशी, वाजा जरा." ती वाजली, "पाहुणे आलेऽऽ!" आणि कारखाना चपला हातात घेऊन खाली. चपला पायात ठेवा म्हणून कितीदा सांगितलं, पण लोक ऐकत नाहीत. आता पाहुणे कोण आणि आग कोण, ह्यात तिथं कुणी फरक करत नाही.

सुट्टी संपायची शिट्टी झाली. काजवाली डबा बंद करत म्हणाली, "मावशे, झालं का कीर्तन? की अजून आरती राहिली?" आणि जाता-जाता तिच्या स्टुलावर पाण्याची बाटली ठेवून गेली.

भोंगा उठली. जागेवर जायच्या आधी ती दारापाशी गेली आणि पाठमोरी होऊन कमरेनं दांडीला दणका दिला. दार धाडकन उघडलं, अंगणातलं ऊन आत पडलं.

"रोज सुट्टीनंतर एकदा करते," ती म्हणाली. "माणसावर विश्वास ठेवावा, बिजागरीवर ठेवू नये."

मग ती स्टुलावर चढली, कातर बोटात अडकवली, ढिगातला पहिला शर्ट मांडीवर घेतला आणि त्याची कॉलर उलटी करून म्हणाली, "ये बाबा, बस. किती वाढवल्यास."